गरोदरपण आणि रुबेला: तुमच्या शरीरात संरक्षण आहे का?

पहिल्या तिमाहीच्या तपासण्यांचे कागद घेऊन जोडपे समोर बसते, तेव्हा अनेकदा नवऱ्याचे बोट एकाच ओळीवर असते: ‘रुबेला आयजीजी – पॉझिटिव्ह’. वरच्याच ओळीत हिमोग्लोबिन 8 लिहिलेले असते, त्याकडे कुणाचेही लक्ष नसते. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने सगळ्यांची झोप उडालेली असते. कुणीतरी नातेवाइकाने ‘बाळाला दोष राहील, आत्ताच खाली करून टाका’ असेही सांगून झालेले असते.

म्हणून पहिली गोष्ट आधी सांगतो. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असा रिपोर्ट असेल, तर ती बहुतेक वेळा चांगली बातमी असते. आयजीजी ही शरीराची जुनी आठवण. कधीतरी लहानपणी रुबेला होऊन गेला किंवा लस मिळाली, आणि शरीराने त्याविरुद्ध संरक्षण तयार करून ठेवले, असा त्याचा अर्थ. खरी काळजी करायची ती आयजीजी निगेटिव्ह आलेल्या बाईची, आणि नेमकी तीच ‘निगेटिव्ह आहे ना, मग झाले’ म्हणून निश्चिंत घरी जाते.

आजार साधा, पण गर्भासाठी नाही

रुबेलाला जर्मन गोवर असेही म्हणतात, पण गोवर आणि रुबेला हे दोन वेगळे विषाणू आहेत. रुबेलात थोडा ताप येतो, चेहऱ्यावर बारीक गुलाबी पुरळ उठते आणि अंगभर पसरते, कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला गाठी येतात. मोठ्या बायकांचे सांधे दुखतात. तीन-चार दिवसांत सगळे बरे होते. निम्म्या लोकांना तर काही लक्षणही जाणवत नाही. लागण झाल्यापासून पुरळ यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात आणि पुरळ येण्याच्या आधीचा आठवडाभरही तो माणूस इतरांना आजार देत असतो. म्हणजे पुरळ दिसलेल्या मुलापासून आज लांब राहिले, तरी गेल्या आठवड्यात त्याला मांडीवर घेतलेले असतेच.

या साध्या आजाराकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधले ते डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी. 1941 साली ऑस्ट्रेलियात सिडनीचे नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे एकामागून एक येऊ लागली. आयांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले, की त्यांपैकी बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता; आदल्या वर्षी तिथे त्याची साथ येऊन गेली होती. पुढे 1964-65 मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली आणि सुमारे 20,000 बाळे जन्मजात रुबेलाची खूण घेऊन जन्मली. 1969 मध्ये तिथे लस वापरात आली.

गर्भाला किती धोका, हे लागण कोणत्या आठवड्यात झाली यावर ठरते. पहिल्या 12 आठवड्यांत आईला रुबेला झाला, तर 10 पैकी 8-9 बाळांवर परिणाम होऊ शकतो. गर्भपात होतो, बाळ पोटातच दगावते, किंवा जन्मते ते बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयातला दोष, लहान राहिलेले डोके घेऊन. पुढच्या आठवड्यांत हा धोका उतरत जातो आणि 20 आठवड्यांनंतर फार कमी उरतो. अडचण अशी, की पाळी चुकल्याचे लक्षात येऊन पहिली नोंदणी होईपर्यंत आपल्याकडे या 12 आठवड्यांतला बराचसा काळ सरलेला असतो.

तुमचा जन्म कधीचा?

आपल्या जिल्ह्यातल्या बाईला रुबेलाचे संरक्षण आहे की नाही, याचा अंदाज घ्यायला मी सर्वांत आधी जन्मतारीख विचारतो.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला म्हणजे एमआर लसीकरणाची मोठी मोहीम 27 नोव्हेंबर 2018 ला सुरू झाली. 9 महिने पूर्ण झालेल्यांपासून 15 वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलामुलींना, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक डोस द्यायचा होता. सुरुवात शाळांपासून झाली आणि मग अंगणवाड्या, उपकेंद्रे, वस्त्या, तांडे. त्यानंतर ही लस बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात आली: पहिला डोस 9 ते 12 महिन्यांच्या दरम्यान, दुसरा 16 ते 24 महिन्यांत.

यावरून हिशोब सोपा आहे. तुमचा जन्म साधारण डिसेंबर 2003 किंवा त्यानंतरचा असेल, तर शाळेत त्या वेळी तुम्हाला ही लस मिळाली असण्याची शक्यता चांगली आहे. शाळेतल्या रांगा, उजव्या दंडावरचे इंजेक्शन, नंतर अर्धा तास बसवून ठेवणे हे बऱ्याच मुलींना आठवते. एका डोसने 100 पैकी सुमारे 95 जणींना संरक्षण मिळते आणि ते बहुतेकींना आयुष्यभर पुरते.

पण ‘शक्यता चांगली’ म्हणजे खात्री नव्हे. मोहीम सुरू झाली ती नोव्हेंबरच्या शेवटी, आणि दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. मुले बरोबर फडात. शाळेच्या पटावर नाव, पण मुलगी सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात. शाळा आधीच सुटलेल्या मुली होत्या. त्या दिवशी ताप होता म्हणून घरी राहिलेल्या होत्या. शिवाय ‘या लसीने पुढे मूल होत नाही’ असल्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या, त्यामुळे काही पालकांनी मुलीला त्या दिवशी शाळेतच पाठवले नाही. (या अफवेत काही तथ्य नाही. ही लस जगभर पन्नासहून अधिक वर्षे दिली जाते आहे आणि ती घेतलेल्या बायकांची मुले-नातवंडे आहेत.) म्हणून माहेरी फोन करा, आईला विचारा, कार्ड शोधा. सापडले नाही, तर ‘लस झाली नाही’ असेच धरून चाला.

तुमचा जन्म त्याआधीचा असेल, म्हणजे 2018 मध्ये तुम्ही 15 वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या असाल, तर सरकारी लसीकरणात तुम्हाला रुबेलाची लस मिळालेली नाही. इथे हमखास एक गैरसमज आड येतो. ‘लहानपणी गोवराची लस झाली होती’ असे आई सांगते. झाली असेलही, पण तेव्हाच्या त्या लसीत फक्त गोवर होता, रुबेला नव्हता. ‘हिला लहानपणी गोवर निघाला होता’ हेही रुबेलाच्या बाबतीत उपयोगाचे नाही. पुरळ आले की घरात त्याला गोवरच म्हणतात आणि नुसते डोळ्यांनी पाहून तो कोणता विषाणू होता हे डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. ज्यांच्या आईवडिलांनी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर लस दिली होती, त्या अपवाद. त्यांच्या जुन्या फायलीत नोंद मिळेल.

तरीही या वयातल्या बहुतेक बायकांना संरक्षण असते, कारण लहानपणी नकळत रुबेला होऊन गेलेला असतो. 2017 मध्ये देशातल्या सहा रुग्णालयांत गरोदर महिलांचे रक्त तपासले गेले, तेव्हा 100 पैकी सुमारे 83 जणींमध्ये रुबेलाविरुद्धचे संरक्षण सापडले. उरलेल्या साधारण 17 जणींमध्ये ते पुरेसे नव्हते किंवा नक्की सांगता येत नव्हते. आता आपल्या इथला ढोबळ हिशोब करून बघा. एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण 30,000 लोकसंख्येचे. त्यात वर्षाला सुमारे साडेचारशे-पाचशे बाळंतपणे. वरचे प्रमाण जसेच्या तसे आपल्या गावांना लागू होईल असे नाही, पण साधारण तसेच असेल, तर एकाच केंद्राच्या हद्दीत दर वर्षी पाऊणशेच्या आसपास गरोदर बायका रुबेलापुढे उघड्या असतात.

लहान मुलांना लस दिली, मग मोठ्यांची चिंता कशाला?

हा प्रश्न एका आशाताईंनी विचारला होता आणि प्रश्न बरोबर आहे. मुलांना लस मिळाली की विषाणू फिरायचा थांबतो, मग गरोदर बाईपर्यंत तो आणणार कोण? लसीकरण भरपूर असेल तर हे खरेच घडते. अमेरिका खंडातले सगळे देश 2015 मध्ये रुबेलामुक्त जाहीर झाले, ते असेच.

अर्धवट लसीकरणाची मात्र वेगळीच तऱ्हा असते. ग्रीसमध्ये 1975 च्या सुमारास लस आली, पण बरीच वर्षे निम्म्याहूनही कमी मुलांना ती मिळत होती. तेवढ्याने विषाणू थांबला नाही, फक्त मंदावला. पूर्वी पाचव्या-सातव्या वर्षी रुबेला होऊन मुली मोकळ्या होत असत. आता कितीतरी मुली लसही नाही आणि आजारही नाही अशा अवस्थेत विशीत पोचल्या. 1993 मध्ये साथ आली ती या तरुण मंडळींमध्ये, आणि त्यानंतर तिथे जन्मजात रुबेलाची 25 बाळे नोंदली गेली. छोट्या देशासाठी हा आकडा मोठा होता.

आपल्याकडे एकदम 15 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना लस देण्याची मोहीम आधी आणि बाळांचे नेहमीचे डोस नंतर, असा क्रम ठेवला त्यामागे हेच कारण आहे. पण 15 च्या पुढच्या मुली त्यात नव्हत्या. आज त्याच लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वयात आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना लहानपणी आजार झाला नाही, त्यांचे संरक्षण सध्या आसपासच्या मुलांच्या लसीवर अवलंबून आहे. कोविडच्या काळात मुलांचे डोस राहिले आणि 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ कशी उसळली, ते आपण पाहिले. गोवर आणि रुबेला एकाच सुईने टळतात. जिथे मुलांचे एमआरचे डोस राहिलेले असतात, तिथे रुबेलालाही वाट असते.

म्हणून घरात लहान मूल असेल तर त्याचे दोन्ही डोस झालेत का ते कार्डावर बघा. आई पुन्हा गरोदर असली तरी मोठ्या मुलाला लस द्यायला हरकत नाही, लस घेतलेल्या मुलापासून आईला काही होत नाही. ‘घरात गरोदर बाई आहे, नको आत्ता लस’ हे मी पुष्कळदा ऐकतो. तिच्यासाठीच तर ती द्यायची.

लग्न ठरल्यापासून दिवस जाईपर्यंत

रुबेलाच्या लसीत जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू असतो. त्यामुळे ती गरोदरपणात देत नाहीत. एवढ्या एका कारणामुळे या आजाराचे सगळे वेळापत्रक बदलते. धनुर्वाताचे इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या हे दिवस गेल्यावर सुरू करता येते. रुबेलाचे काम त्याआधीच उरकायला लागते. आपल्याकडे मुलगी डॉक्टरकडे प्रथम येते ती पाळी चुकल्यावर. माझे मत विचाराल तर लग्नाच्या बस्त्याच्या यादीत ही लस लिहून ठेवावी.

आधी आयजीजी तपासून मग लस घ्यायची, की तपासणीशिवाय सरळ लस घ्यायची? दोन्ही चालते. आधीच संरक्षण असलेल्या बाईने लस घेतली तरी अपाय होत नाही. खर्चाचा विचार केला तर पुष्कळ वेळा सरळ लसच स्वस्त पडते. सरकारी कार्यक्रमातली एमआर लस बाळांसाठी आहे. मोठ्या बाईला बहुधा खासगी दवाखान्यात एमएमआर घ्यावी लागते, तिला काहीशे रुपये लागतात. घेण्याआधी गरोदर नसल्याची खात्री करा. घेतल्यावर एक महिना दिवस राहू देऊ नका. कर्करोगाचे उपचार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, पूर्वीच्या डोसाला आलेली तीव्र ॲलर्जी यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि चुकून असे झाले, की लस घेतली आणि नंतर कळले दिवस गेलेले होते? तर घाबरू नका. अशा हजारो गरोदरपणांवर लक्ष ठेवले गेले आहे आणि लसीमुळे बाळाला जन्मजात रुबेलाचे दोष झाल्याचे आढळलेले नाही. या कारणासाठी गर्भपात करायचा नाही.

शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशा, परिचारिका, नर्सिंगच्या मुली: तुमचा दिवस मुलांत आणि रुग्णांत जातो. तुम्ही तर वाट पाहू नका.

गरोदर आहात आणि घरात पुरळ उठलेले मूल आहे

हे बहुधा माहेरी घडते. भावाच्या मुलाला पुरळ उठते आणि तोवर तुम्ही चार दिवस तिथे राहिलेल्या असता. अशा वेळी लगेच, शक्यतो आठवड्याच्या आत, डॉक्टरांकडे जाऊन आयजीजी तपासून घ्या. तो पॉझिटिव्ह आला, तर संरक्षण आधीपासूनच आहे आणि विषय तिथेच संपतो, कारण संपर्कानंतर इतक्या लवकर नवीन आयजीजी तयार होत नाही. निगेटिव्ह आला, तर साधारण तीन आठवड्यांनी आयजीजी आणि आयजीएम दोन्ही पुन्हा करतात. पहिल्या रिपोर्टचा कागद जपून ठेवा. शक्य तर दुसरी तपासणीही त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे तुलना करता येते. पुरळ आलेल्या मुलाबद्दल आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा. ते त्याचे रक्त तपासायला पाठवतात, आणि तो गोवर की रुबेला हे कळले तर तुमचाही अर्धा प्रश्न सुटतो.

नुसता आयजीएम पॉझिटिव्ह आला म्हणून निर्णय घ्यायचा नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. गरोदरपणात, इतर विषाणूंच्या तापात, संधिवातात आयजीएम खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. पुरळ नाही, कुणाचा संपर्क नाही, आणि केवळ नेहमीच्या तपासणीत तो उमटला, तर तो खोटा असण्याचीच शक्यता अधिक. दोन-तीन आठवड्यांनी आयजीजीची पातळी वाढते का हे बघतात आणि ‘ॲव्हिडिटी’ नावाची तपासणी करून लागण अलीकडची की जुनी हे ठरवतात. गरज पडली तर मोठ्या शहरातल्या गर्भवैद्यक तज्ज्ञांकडे गर्भजल तपासता येते. एवढे सगळे होण्याआधी हव्याहव्याशा बाळाचा गर्भपात करायला कुणी सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

याच ओघात ‘टॉर्च’बद्दल. दोन-तीन गर्भपात झालेल्या बायकांना ही महागडी तपासणी सर्रास लिहून दिली जाते आणि रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह दिसला की ‘हेच कारण’ म्हणून महिनाभराची औषधे सुरू होतात. रुबेला एकदा होऊन गेला की शरीर त्याला पुन्हा सहसा शिरू देत नाही. तो वारंवार गर्भपात घडवत नाही, आणि आयजीजी पॉझिटिव्हला कोणतेही औषध लागत नाही. हे पैसे मोसंबीच्या हंगामात मोसंबीवर खर्च केलेले बरे.

पहिल्या आठवड्यांतला रुबेला खरोखर सिद्ध झाला, तर त्यावर औषध नाही. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत नवरा-बायकोने बसून बोलावे. कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, 20 ते 24 आठवड्यांत ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि त्यानंतर बाळात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. ठेवायचे की नाही हा निर्णय त्या बाईचा. सासर-माहेरच्यांनी तिला माहिती मिळवून द्यावी, तिच्या वतीने उत्तर देऊ नये.

बाळंतपण झाले की

तपासणीत आयजीजी निगेटिव्ह आला होता आणि गरोदरपण सुखरूप पार पडले, तर बाळंतपणानंतर घरी जाण्याआधीच लस घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. हीच संधी सर्वांत जास्त वाया जाते. पेढे वाटणे, बारशाची तारीख, दुधाचे प्रश्न यांत नऊ महिन्यांपूर्वीचा तो कागद कुणाला आठवत नाही, आणि दुसऱ्या खेपेला तीच बाई पुन्हा आयजीजी निगेटिव्ह घेऊन येते. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर पेनाने ‘बाळंतपणानंतर रुबेला लस’ असे लिहून ठेवा आणि वॉर्डातल्या सिस्टरला दाखवा. रक्तगट निगेटिव्ह असल्यामुळे अँटी-डीचे इंजेक्शन मिळाले असेल तरीही लस घेता येते. मात्र तीन महिन्यांनी आयजीजी तपासून ती लागू पडली का ते बघायचे.

बाळाच्या बाबतीत आईला पुरळ आल्याची आठवण असो वा नसो, काही गोष्टींवर नजर ठेवा. डोळ्याची बाहुली काळ्याऐवजी पांढरट दिसणे. ताट पडले, दार आपटले तरी न दचकणे. दूध पिताना धाप लागणे, वजन न वाढणे. यांपैकी काहीही दिसले तर ‘मोठे झाल्यावर होईल नीट’ म्हणून थांबू नका. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली तर नजर वाचण्याची आशा मोठी असते, आणि कानाचे निदान जितके लवकर तितके मूल बोलायला लागण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांना बाळ दाखवा. डोळा, कान आणि हृदय यांच्या जन्मजात दोषांवर पुढचे उपचार या कार्यक्रमातून मोफत होतात. जन्मजात रुबेलाचे बाळ वर्षभरापर्यंत विषाणू बाहेर टाकू शकते, म्हणून बाळाला तो आहे असे निदान झाले, तर घरातल्या आणि शेजारच्या गरोदर बायकांना तेवढा काळ बाळाला घेण्यापासून, त्याची लाळ-शी-शू आवरण्यापासून लांब ठेवा, आणि ज्या गरोदर नाहीत त्यांनी आपली लस करून घ्यावी.